अंबादेवीचा उंबरठा : अमरावती, १९२७

१८६१ साली अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली आणि तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. साहजिकच व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. तेल्हारा-अकोटपासून अमरावतीपर्यंतच्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले. या मातीत राबणाऱ्यांत महार-मांगही होते. त्यांच्या हातच्या कापसाचा विटाळ कोणत्याही अडत्याला झाल्याचे ऐकिवात नाही. विटाळ सुरू होई तो विहिरीच्या काठावर आणि देवळाच्या उंबरठ्यावर.

अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीचे मोल महाराष्ट्रात प्रथम जाणले ते जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. वऱ्हाडातला उंबरठ्याचा प्रश्न मात्र ऐरणीवर यायला आणखी अर्धशतक जावे लागले.

अमरावतीची अंबादेवी हे अवघ्या वऱ्हाडाचे दैवत. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते याच देवळातून, अशी लोकांची श्रद्धा. शहरही राजकारणात मुरलेले. दादासाहेब खापर्ड्यांचे हे गाव; १८९७ सालचे काँग्रेसचे अधिवेशन येथेच भरले होते. हक्कांची भाषा या शहराला नवी नव्हती. तो हक्क कोणी मागायचा, एवढाच प्रश्न होता.

१९२७ साली अस्पृश्य कार्यकर्त्यांनी अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मागितला. विलायतेहून विद्या संपादन करून नुकतेच परतलेले पंजाबराव देशमुख त्यांच्या बाजूने उभे राहिले. १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मार्चमधला. येथे बाबासाहेबांचा युक्तिवाद वेगळा होता. हा धर्म घडविण्यात अस्पृश्यांचाही वाटा आहे, तेव्हा देवळावरचा त्यांचा हक्क भिकेचा नव्हे, वारशाचा आहे, असे त्याचे सार. परिषद चालू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली. तरीही कामकाज पार पडले. देवस्थानाच्या पंचांना विचाराला अवधी द्यावा म्हणून सत्याग्रह काही काळ पुढे ढकलण्यात आला.

या माघारीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. महाडचे तळे नगरपालिकेचे होते आणि ते सर्वांना खुले करण्याचा ठराव तिने आधीच केलेला होता. सत्याग्रहींच्या पाठीशी निदान कागद तरी होता. देवस्थानाची गोष्ट निराळी. तेथे पंच, पुजारी आणि ‘पूर्वापार वहिवाट’ हा शब्द. हा शब्द कोर्टात भल्याभल्यांना जेरीस आणतो. पंजाबराव १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहीर कौन्सिलची असल्याने आदेश पुरला. देवळाला तो लागू नव्हता. शेजारच्या वर्ध्यात त्याच वर्षी लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुले झाले, कारण मालक जमनालाल बजाज यांनी तसे ठरवले. मालकाची मर्जी फिरेल तेथे दार उघडे, एरवी बंद.

अमेरिकेतही पुढे काहीसे असेच घडले. माँटगोमेरीच्या बसमधील वर्णभेद १९५६ साली न्यायालयाच्या निकालाने संपला. गोऱ्यांच्या चर्चचे बाक मात्र कोणत्याही निकालाने एकत्र झाले नाहीत.

मंदिरप्रवेशाचा कायदा मध्यप्रांत-वऱ्हाडात झाला तो १९४७ साली, अमरावतीच्या परिषदेनंतर वीस वर्षांनी. दरम्यान नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० पासून सत्याग्रह चालला. मंदिरप्रवेश हे आपले अंतिम ध्येय नाही, असे बाबासाहेबांनी १९३४ साली भाऊराव गायकवाडांना कळवले. १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. कायद्याने वऱ्हाडातील देवळांची दारे उघडली तेव्हा त्या दारांसाठी एके काळी अर्ज करणाऱ्यांपैकी कित्येकांना तिकडे जायचेच नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लोटलेल्या जनसमुदायात वऱ्हाडातून आलेली माणसेही होती.