कनेरगाव नाका : नावात उरलेली सीमा

पूर्णा–अकोला मार्गावर हिंगोली सोडल्यावर वाशिमच्या अलीकडे कनेरगाव नाका हे लहानसे स्थानक लागते. मी उतरलो तेव्हा फलाटावर अप-डाऊन करणाऱ्यांचीच गर्दी होती. कुणी वाशिमच्या कॉलेजात निघालेले, कुणी हिंगोलीच्या कचेरीत. चहावाल्याने विचारले, “इथं काय पाहायला आलात?” मी म्हणालो, “नाका.” तो हसला. “नाका म्हणजे हेच गाव की!”

माझी आजी वाशिमकडची, सासर हिंगोलीकडचे. “मला मोगलाईत दिलं,” असे ती शेवटपर्यंत म्हणायची. निजामाच्या मुलखाला वऱ्हाडात मोगलाई म्हणत. माहेर आणि सासर यांत एका दिवसाची वाट, पण राज्ये दोन. तिची ती वाट पाहायला मी आलो होतो.

ही वाट मुळात दुभंगलेली नव्हती. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. 1939 मध्ये सापडलेल्या वाशिम ताम्रपटात दुसऱ्या विंध्यशक्तीने ‘नांदीकड’च्या उत्तर मार्गातले एक गाव दान दिल्याची नोंद आहे. वा. वि. मिराशींनी नांदीकड म्हणजे नांदेड असे ठरवले. म्हणजे चौथ्या शतकात वाशिमला बसून नांदेडकडचे गाव दान देता येत होते. अकोल्याहून वाशिम, हिंगोलीवरून नांदेडला जाणारा आजचा महामार्ग याच दिशेने जातो.

मग मध्ये नाका कशाने आला? उत्तर हिंगोलीच्या छावणीत सापडते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज पोसायची निजामाने. तिचे एक मोठे ठाणे हिंगोलीला होते. पगार थकत गेले, कर्ज वाढले आणि 1853 च्या तहाने डलहौसीच्या सरकारने या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गकडचा मुलूख ताब्यात घेतला. 1860 मध्ये इतर मुलूख परत मिळाला, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमचे भाडेपट्ट्याने गेले. पुढच्याच वर्षी ती फौजही भारतीय सैन्यात विलीन झाली. ज्या खर्चासाठी रेघ ओढली तो खर्च संपला, रेघ राहिली.

रेघेच्या दोन बाजूंना दोन जगे होती. इकडे हाली सिक्का, तिकडे कळदार. सात हालीला सहा कळदार हा भाव. इकडे कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, तिकडच्या शाळांत मराठी. संस्थानाचे जकात खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. सीमेवरच्या गावाच्या नावाला नाका चिकटावा, यात नवल नाही. आजी सांगायची, माहेरून येताना लुगड्यांची घडी मोडून अंगावर एकावर एक नेसायची, म्हणजे नवे कापड म्हणून कुणी अडवत नसे.

रेल्वेनेही ही रेघ पाळली. पूर्णेहून निघालेला निजामाचा लोहमार्ग 1912 मध्ये हिंगोलीला पोचला आणि तिथेच थांबला. पुढे वाशिम, अकोल्याकडे रूळ गेले ते स्वातंत्र्यानंतर. रुंदीकरण व्हायला 2008 उजाडले.

1947-48 मध्ये मात्र हीच रेघ आधार झाली. रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सरहद्द कॅम्प उभे राहिले. आजीही दोन लेकरे घेऊन माहेरी गेली होती. जी सीमा एरवी लुगड्याची घडी तपासायची, तिने त्या वर्षी जीव वाचवले.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. सीमा संपली म्हणावी, तर 1994 मध्ये दोन्हीकडे वेगवेगळी विकास मंडळे आली आणि अनुशेषाचा हिशेब निराळा मांडला जाऊ लागला. वाशिम विदर्भात, हिंगोली मराठवाड्यात. निधीच्या वादात आजही आपण जी रेघ धरून भांडतो, ती एका फौजेच्या थकलेल्या पगारातून आली आहे, हे कितीजणांना ठाऊक असते?

संध्याकाळी परतीच्या गाडीत वाशिमहून आलेल्या कॉलेजच्या मुली डबे उघडून बसल्या होत्या. त्यांतल्या एकीला विचारले, “विदर्भ कुठं संपतो गं?” तिने खिडकीबाहेर पाहिले, मैत्रिणीला विचारले आणि म्हणाली, “काका, ते आम्हाला नाही माहीत. आम्ही रोजच येतो-जातो.”