पडद्यावरचे घर

गेल्या वर्षी आमच्या उर्दू शाळेतल्या नववीच्या वर्गाला आम्ही 'मेरे मेहबूब' या १९६३ सालच्या चित्रपटाचा अर्धा-पाऊण तास दाखवला. निमित्त उच्चारांचे होते. आमची मुले घरात दखनी बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि उर्दू फक्त वर्गात वाचतात. त्यांचा शीन-काफ दुरुस्त व्हावा म्हणून आम्ही व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवले आणि एच. एस. रवैल यांना बोलावले, असे म्हणा ना. पडद्यावर अलीगढ आले, लखनौ आले, झुंबरे आली, शेरवान्या आल्या. वर्ग चिडीचूप. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, इत्ते बडे घर में बरतन कौन घिसते?"

वर्ग हसला, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. आम्ही सिनेमाचे जुने शौकीन. बी.एड.च्या काळात मेसचे पैसे वाचवून तिकिटे काढलेली. पण पडद्यावर मुसलमानाचे घर म्हणून जे काही आम्ही आयुष्यभर पाहिले, त्यात भांडी कोण घासतो, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

या घराचा पाया फार जुना आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानी चित्रपट बोलू लागला. बोलला तो पारशी नाटक कंपन्यांच्या भाषेत, म्हणजे आपल्या ओळखीच्या हिंदुस्थानी-उर्दूत. त्याची प्रत आज कुठेही शिल्लक नाही. त्याचा नायक होता आपला मराठी मास्टर विठ्ठल. मूकपटांत तलवार गाजवणारा हा गडी संवादांत मात्र अडखळे. तो इराणींकडे आला तेव्हा जुन्या कंपनीने करारभंगाचा दावा लावला आणि त्याचे वकीलपत्र घेतले बॅ. महंमद अली जिना यांनी! पहिल्या बोलपटाची नायिका झुबेदा, नायक विठ्ठल आणि वकील जिना. इतिहासाला अशी गंमत सुचते.

पुढे तीस-चाळीस वर्षे संवाद आणि गाणी लिहिणारे बहुतेक उर्दूचेच लोक होते. चित्रपटाचे नाव पडद्यावर तीन लिप्यांत येई: रोमन, देवनागरी आणि उर्दू. तरी सेन्सॉरच्या दाखल्यावर भाषा लिहिली जाई हिंदी. 'मुगल-ए-आझम'च्या दाखल्यावरही हिंदीच आहे. आमची दादी शाळेत गेलेली नव्हती. तिला घरी कुराण शरीफ वाचायला शिकवले होते, त्या अक्षरओळखीवर ती उर्दूही लावून लावून वाचत असे. सिनेमाचे नाव पडद्यावर आले की ती ते मोठ्याने वाचायची आणि शेजारच्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघायच्या. हे तिनेच आम्हाला अनेकदा सांगितले. आता ती तिसरी ओळ क्वचितच दिसते. ज्या बाईला चारचौघांत वाचून दाखवायला आयुष्यात एवढी एकच जागा होती, तिच्यासाठी ती ओळ काय असेल, हे आमच्यासारख्या डिग्रीवाल्यांना कळायला उशीर लागतो.

'मुस्लिम सोशल' नावाचा प्रकार चाळिशीच्या दशकात रुजला. मेहबूब खान गुजरातेतल्या बिलिमोऱ्याचे. एक्स्ट्रा म्हणून सुरुवात केलेला हा माणूस पुढे वांद्र्यात स्वतःचा स्टुडिओ उभारतो. त्यांचा 'नजमा' १९४३ चा, 'एलान' १९४७ चा. 'एलान'मध्ये त्यांनी शिक्षणाचा विषय हाती घेतला होता. शिकलेला पण गरीब तरुण एका बाजूला, पैसेवाला पण अडाणी भाऊबंद दुसऱ्या बाजूला. फाळणीच्या वर्षी मुसलमान प्रेक्षकाला 'पोरांना शाळेत घाला' असे सांगणारा हा दिग्दर्शक आम्हा मास्तर मंडळींना जवळचा वाटतो. त्याआधी १९४५ साली 'झीनत' आला. त्यात नूरजहाँसोबत बायकांनी कव्वाली गायली. तोवर कव्वाली म्हणजे पुरुषांची मक्तेदारी!

हा सुधारणेचा धागा पुढे मागे पडला आणि नवाब पुढे आले. १९६० साली तर बहारच होती. 'बरसात की रात', 'चौदहवीं का चाँद' आणि ५ ऑगस्टला 'मुगल-ए-आझम', सगळे त्याच एका वर्षात. 'मुगल-ए-आझम' लागला तो मुंबईच्या मराठा मंदिरात. बारा वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९७२ रोजी, कमाल अमरोही यांचा 'पाकीजा'ही मराठा मंदिरातच लागला. मोगल दरबार आणि लखनौचा कोठा, दोघांनाही आसरा मिळाला तो मराठा मंदिरात! 'पाकीजा' लागल्यावर दोन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, मीनाकुमारी गेल्या. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद तर त्याआधीच, १९६८ साली, अल्लाला प्यारे झाले होते. आपली गाणी गल्लोगल्ली वाजताना त्यांना ऐकायला मिळाली नाहीत.

या चित्रपटांवर आमचे प्रेम आहे, हे आधीच कबूल करतो. 'चौदहवीं का चाँद' आम्ही किती वेळा पाहिला, हे आमच्या बेगमना विचारा. पण त्याची गोष्ट नीट पाहा. बुरख्यांच्या अदलाबदलीतून गैरसमज होतो आणि एका मित्राचा जिच्यावर जीव जडला, तिच्याशीच दुसऱ्याचा निकाह लागतो. कोणी एकदा सरळ नाव विचारले असते तर मध्यंतराआधीच सगळे घरी गेले असते. बुरखा इथे कपडा नाही, कथेची किल्ली आहे. 'मेरे मेहबूब'मध्येही तेच. आमच्या दादीचा बुरखा मात्र रेशन दुकानाच्या रांगेत असे, कापूस वेचणीच्या दिवसांत तो खुंटीला टांगलेला असे. ती पडद्यावर लखनौ बघायला जाई, स्वतःला बघायला नव्हे. तीन तास कोणी आपल्या जबानीला नावे ठेवत नाही, उलट त्याच जबानीत सगळे थिएटर रडते, हे तिला पुरेसे होते. आम्ही या चित्रपटांना नावे ठेवताना तिची ही तीन तासांची सुट्टी विसरू नये, असे स्वतःला बजावतो.

मग आपल्या मराठीत काय होते? होते, आणि फार आधी होते. १९४१ साली पुण्याच्या प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनात 'शेजारी' काढला. जिवबा आणि मिर्झा, गावातले दोन जिवलग. धरण बांधणाऱ्या ठेकेदाराच्या कारस्थानाने त्यांच्यात वितुष्ट येते आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांच्या मिठीत जातात. मराठीत जिवबा केशवराव दाते होते, मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त शांतारामांनी मोठे धाडस केले. मिर्झा जागीरदारांनीच केला, पण हिंदू ठाकूर झाला मझहर खान. हिंदू नट मुसलमान आणि मुसलमान नट हिंदू. पाकिस्तानच्या ठरावाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आमच्या मते 'शेजारी'चे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. त्यातला मिर्झा नवाब नाही, कवी नाही, गावात राहणारा साधा माणूस आहे आणि तो मराठी बोलतो. मराठी बोलणारा मुसलमान पडद्यावर शोधायला गेलो की आम्हाला अजूनही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे मागे जावे लागते, हे मात्र दुःख आहे.

घराचा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला तो 'गर्म हवा'ने. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांची पटकथा, दिग्दर्शक एम. एस. सथ्यू. सेन्सॉरमध्ये अडकून तो १९७४ साली लोकांपुढे आला. आग्र्याचे सलीम मिर्झा जोडे बनवण्याचा कारखाना चालवतात. इथे प्रथमच पडद्यावरच्या मुसलमानाला धंदा आहे, कर्जाची चिंता आहे. भाऊ पाकिस्तानात निघून जातो. हवेली त्याच्या नावावर, म्हणून ती हातची जाते. बँक कर्ज देत नाही, कारण हाही उद्या निघून गेला तर? भाड्याचे घर शोधायला गेले की आधी नाव विचारतात. वाचकहो, बदलीच्या गावी खोली शोधताना आम्हाला हा प्रसंग पाठ झाला आहे. घरमालक भाड्याआधी आडनाव विचारतो आणि मग त्याचा भाचा अचानक त्याच खोलीत राहायला येणार असतो.

या चित्रपटातली म्हातारी आई आम्हाला सगळ्यांत जास्त आठवते. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा ती लाकडे ठेवायच्या खोलीत जाऊन लपते. नव्या घरात तिचा जीव निघत नाही, म्हणून शेवटी तिला डोलीतून त्या जुन्या घरी नेतात आणि तिथे ती डोळे मिटते. सलीम मिर्झा झालेले बलराज साहनी १३ एप्रिल १९७३ रोजी वारले. चित्रपट लागलेला त्यांनी पाहिला नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात दुरुस्त केलेली प्रत पुन्हा थिएटरांत आली. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी बाकी सगळे सोडून आधी हा पाहावा.

१९८२ हे वर्ष आमच्या अम्मीचे. त्या वर्षी सागर सरहदींचा 'बाजार' आला आणि बी. आर. चोप्रांचा 'निकाह'. 'बाजार' हैदराबादचा. आखातातून पैसे कमावून आलेल्या वयस्काशी गरीब घरातली कोवळी मुलगी लावून देण्याची ती गोष्ट. त्यात आपली स्मिता पाटील आहे, जी एकेकाळी दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असे. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता, त्यामुळे ते वाडे आणि ती बोली परकी वाटत नाही. 'निकाह'मध्ये तलाक घेतलेली बाई शेवटी दोन्ही नवऱ्यांना विचारते की मी माणूस आहे की वस्तू. अम्मी तेव्हा नवी नवरी होती. सिनेमाहून परतताना रिक्षात कोणी एक शब्द बोलले नाही, असे ती सांगते. हा प्रश्न चोप्रांच्या आधी आपल्याकडे रस्त्यावर आला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता. दलवाईंशी मतभेद असणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आमचेही काही आहेत. पण त्या सात बायकांवर अजून चित्रपट नाही, याची खंत मतभेदापलीकडची आहे. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ साली.

यानंतरचे थोडक्यात. सईद अख्तर मिर्झांचा 'सलीम लंगडे पे मत रो' १९८९ चा, मुंबईच्या गल्लीतल्या बेकार पोराचा. श्याम बेनेगलांचा 'मम्मो' १९९४ चा, फरीदा जलाल यांच्यासाठी पाहावा आणि सुरेखा सिक्रींसाठी पुन्हा एकदा पाहावा. पुढच्या वर्षीचा 'नसीम' हा मिर्झांचाच. त्यात कैफी आझमी स्वतः अंथरुणावरचे आजोबा झालेत आणि नात झालीय औरंगाबादची मयुरी कांगो. ६ डिसेंबर १९९२ रोजी आजोबा जातात. त्या तारखेबद्दल आम्ही जास्त लिहीत नाही. दूरदर्शनवर १९८८ साली आलेली गुलजारांची 'मिर्झा गालिब' ही मालिका आम्ही दर वर्षी दहावीला गालिब शिकवताना दाखवतो. नसीरुद्दीन शाहांनी आमचे अर्धे काम करून ठेवले आहे.

आणि मालेगाव. नाशिक जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे शहर. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी ते वाढवले. इथे माग शुक्रवारी बंद असतात. जुम्याची नमाज झाली की कामगार थिएटरकडे निघतो. वर्तमानपत्रांत हे गाव २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे आले. पण तिथल्या शेख नासिर नावाच्या व्हिडिओ पार्लरवाल्याने त्याआधीच, २००० साली, 'मालेगाव के शोले' काढला होता. दरोडेखोरांना घोडे परवडेनात, म्हणून ते सायकलींवर आले. पुढे त्याने सुपरमॅन केला. सुपरमॅन कोण? शफीक, मागावर काम करणारा, अंगात मांस नाही असा पोरगा. फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. सायकलीवरून कॅमेरा पळवणारी, बैलगाडीची क्रेन करणारी ही माणसे पाहून आधी हसू येते, मग आपोआप ताठ बसावेसे वाटते. शफीक पुढे कॅन्सरने गेला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आला, तो याच मित्रांची कहाणी सांगतो. आदर्श गौरव, विनीतकुमार सिंग, शशांक अरोरा, तिघांनीही जीव ओतलाय. थिएटरमध्ये आमच्या रांगेत पाचच माणसे होती. चित्रपटाच्या वाट्याला आलेल्या गर्दीवरून त्याची किंमत करू नका.

एक कमतरता सांगितलीच पाहिजे. नासिरला स्वतःच्या गावात नायिका मिळाली नव्हती, ती बाहेरून आणावी लागली. म्हणजे मागावरचा पुरुष पडद्यावर आला, पण त्याच्या घरात बॉबिन भरणारी, भांडी घासणारी बाई आलेली नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिले नाही.

या वर्षी आम्ही त्याच वर्गाला, आता ती मुले दहावीत आहेत, तो माहितीपट दाखवला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे एक पोरगा सायकलच्या कॅरिअरवर उलटा बसलेला दिसला. हातात मोठ्या भावाचा मोबाइल. दुसरा सायकल ढकलत होता. दुसऱ्या बाकावरची ती मुलगी नळाजवळ उभी राहून दोघांना ओरडत होती की सायकल हलते, सगळे हलते, पुन्हा घ्या. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे. आम्ही स्टाफरूमच्या पुढच्या दाराने आत गेलो.