देवळाची अग्रशाळा आणि चैत्राची पाटी
गोमंतकातील जुन्या मराठी शाळांचे वसंतजीवन

गोमंतकाच्या इतिहासग्रंथांत किल्ल्यांची, तहांची आणि राजाज्ञांची नोंद विपुल सापडते. परंतु देवळाच्या अग्रशाळेत पंधरा-वीस मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत बसत, त्या लहानशा शाळेला त्यांत क्वचितच जागा मिळाली आहे. अशा शाळेला बहुधा दप्तर नसे, हजेरीपट नसे, स्वतःची इमारत तर नसेच. तरीही ज्या समाजाला आपले देव खांद्यावर घेऊन नदी ओलांडावी लागली, त्या समाजाचे अक्षरज्ञान टिकले ते पुष्कळ अंशी याच शाळांच्या आश्रयाने. या शाळांचे देवळाशी आणि गावाशी असलेले नाते वसंत ऋतूत सर्वांत ठळकपणे दिसे. म्हणून माघ पंचमीपासून वैशाखापर्यंतच्या दिवसांच्या आधाराने त्यांचा वृत्तान्त येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानी घेतली पाहिजे. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि पुढे १५६७ च्या सुमारास सासष्टी व बारदेशातील देवालये पाडली गेली. १५६० साली कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली. अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगीज अंमलाबाहेर होता. फोंडा त्यांच्या हाती गेला तो १७६३ साली, आणि डिचोली, सत्तरी व पेडणे त्यानंतरच्या पाव शतकात. या नव्या काबिजादीत धर्माच्या बाबतीत सक्तीचे धोरण पूर्वीसारखे चालविता आले नाही. जुन्या काबिजादीत मात्र १६८४ साली देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान निघाले होते. हे फर्मान घरातल्या चुलीपर्यंत पोहोचू शकले नाही, हे खरे. परंतु अक्षर शिकविण्याच्या सोयीला त्या प्रदेशात जी ओहोटी लागली, ती कित्येक पिढ्या भरून निघाली नाही. यामुळे देवळे जेथे गेली, तेथेच विद्येलाही आसरा शोधावा लागला.

देवळाभोवतीची अग्रशाळा ही मुळात यात्रेकरूंच्या आणि कुळाव्यांच्या मुक्कामाची जागा. उत्सवाचे दिवस सोडले, तर तिच्या लांब ओवऱ्या रिकाम्या असत. तेथे, अथवा एखाद्या महाजनाच्या पडवीत, शाळा भरे. शिकविणाऱ्याला गाव शेणवीमामा अथवा पंतोजी म्हणे. ‘ओनामासिधं’ने आरंभ होई, मग बाराखडी, बाळबोध वाचन, मोडी वळण आणि तोंडी गणित. अंक येऊ लागले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सुरात म्हटले जात. आज हे पाढे कानांवरून गेले, तरी त्यांचा उपयोग काय, असा प्रश्न तरुणांना पडतो. पण कुडव-खंडीने भात मोजणाऱ्या, शेकड्याने नारळ विकणाऱ्या आणि सव्वा-दिडीच्या व्याजाने बी-बियाणे उसने आणणाऱ्या गावात पाऊणकी न येणारा मनुष्य फसला जाई. ही विद्या पोटाची होती.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलाची घरची भाषा कोंकणी, आणि शाळेची मराठी. एवढे अंतर असूनही मूल बुजत नसे. कारण मराठी त्याच्या कानांवर शाळेच्या आधी देवळात पडलेली असे. सभामंडपात श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ वाचले जात. कीर्तनकार मराठीतून आख्यान लावी. जत्रेचे दशावतारी खेळ अर्धे मराठीत, अर्धे कोंकणीत रंगत. या भूमीत मराठीचे लेखन नवे नव्हते. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली कृष्णकथा रचली. पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक फादर स्टीफन्स यालाही आपले पुराण लिहिण्यासाठी मराठीचाच आधार घ्यावासा वाटला, आणि ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. घरी कोंकणी व पोथीत मराठी ही जोडी आमच्या पूर्वजांना विसंगत वाटली नाही. आज या दोन भाषांच्या अभिमान्यांत जो दुरावा दिसतो, त्याचे मूळ त्या अग्रशाळेत शोधू गेल्यास सापडणार नाही.

आता वसंताकडे वळू. माघ शुद्ध पंचमीला कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेची जत्रा येते. त्याच महिन्यात मंगेशीची जत्रा. अग्रशाळा या दिवसांत यात्रेकरूंनी भरून जात, आणि शाळेला आपोआप सुट्टी पडे. जागा देवाची, म्हणून पंचांगही देवाचेच चाले. मुले पाट्या गुंडाळून ठेवीत आणि पालखीपुढे चालत, पाणी वाहत, पत्रावळी मांडीत. पंगतीत वाढताना किती पाने मांडली, किती उरली याचा हिशेब मोठ्या मुलांकडे येई. समाजात वागावे कसे, वडीलधाऱ्यांपुढे बोलावे कसे, हा धडा शाळेच्या सुट्टीतच मिळे.

फाल्गुन लागला की शिगमा. ढोल, ताशे आणि कांसाळे यांच्या नादापुढे पंतोजीच्या छडीचे काही चालत नसे. डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी निघे; सत्तरीच्या गावांत रणमाले होई आणि रामायणातील प्रसंग निरक्षर माणसांच्याही तोंडी येत. ‘शबय शबय’ करीत मुले वाटसरूंकडे आणि घरोघर पैसा मागत फिरत. जांबावलीस श्रीदामोदराच्या गुलालोत्सवात मडगावकर मंडळी मराठी नाटके करीत आली आहेत. अशा रंगभूमीवर काम करण्यासाठी संवाद वाचता येणे अवश्य. म्हणून नाटकाच्या हौसेने अक्षर गिरविणारेही पुष्कळ निघाले. मंगेशीत २९ डिसेंबर १९०० रोजी जन्मलेल्या दीनानाथांचा उल्लेख येथे सहज मनात येतो. देऊळ, संगीत आणि मराठी नाट्य यांच्या ज्या संगमातून असा कलावंत घडतो, तो संगम फार जुना होता.

वसंताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच दिवसांत वायंगणाचे भात कापणीस येई, डोंगरावर काजू पिके. कुळांच्या घरची मुले शेतात आणि बागायतीत ओढली जात; काजूच्या बिया वेचून त्या दुकानावर देण्यात त्यांचे दिवस जात. शिगम्यानंतर शाळेत परतणाऱ्यांत भटा-महाजनांची मुले अधिक आणि कष्टकऱ्यांची थोडी, असे होत जाई. ऋतू सर्वांचा, पण त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडत नसे.

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा शाळेचा खरा नववर्षदिन. संवसार पाडव्याला देवळात पुरोहित नव्या संवत्सराचे पंचांगवाचन करी, आणि त्याच दिवशी पाटीपूजन होई. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला गंध-फूल वाहात. नवे मूल याच दिवशी, किंवा विजयादशमीला, मांडीवर घेऊन बसविले जाई आणि त्याचा हात धरून पहिले अक्षर काढविले जाई. पालक पंतोजीपुढे नारळ, तांदूळ आणि ऐपतीप्रमाणे एखादा तांगा ठेवीत. पंतोजीचा चरितार्थ बहुतांशी अशा धान्यावर आणि सणावारच्या दक्षिणेवरच चाले. त्यानंतरचे नऊ दिवस रामाचे. काणकोणातील श्रीगोकर्ण पर्तगाळी मठात, जो परंपरेने १४७५ साली स्थापन झाला, रामनवमी हा मोठा उत्सव. आणि गावोगावच्या देवळांतही दुपारी पाळणा हाले, कीर्तन होई. चैत्र-वैशाखात देवळांत वसंतपूजा होतात. पन्हे आणि भिजविलेली डाळ यांच्या प्रसादासाठी जमलेल्या मंडळींपुढे मुलांकडून श्लोक म्हणवून घेण्याची रीत होती. पंतोजीच्या वर्षभराच्या कामाची परीक्षा ती हीच. परीक्षक सारा गाव.

या चित्राने आम्ही भारावून जाऊ नये. त्या अग्रशाळेच्या पायऱ्या सर्वांना मोकळ्या नव्हत्या. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांच्या मुलांना देवळातील शाळेत कोठून असणार? मुलींचे शिकणे बहुधा घरातच आणि थोडक्यात आटपे. देवळात ज्यांच्या गायनाने उत्सव शोभत, त्या कलावंत समाजाच्या मुलांना विद्येसाठी किती अवहेलना सोसावी लागली, ते पैंगीणचे राजाराम पैंगीणकर यांच्या ‘मी कोण’ या आत्मवृत्तातून समजते. देवाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेत हे घडले, याचे स्मरण देवस्थानांशी निगडित असलेल्या आम्हा सर्वांना ठेवावे लागेल. गौरव सांगावयाचा, तर ही उणीवही त्याच श्वासात सांगितली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वारे पालटले. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली. घरोघरी मूठमूठ तांदूळ बाजूला काढून ठेवावे आणि त्यातून शाळा चालवावी, ही तिची कल्पना तिच्या नावातच आहे. राजाश्रय नसलेल्या समाजाने शाळेला पोटच्या घासातला वाटा दिला. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाले आणि हिंदूंना नागरिक म्हणून समान हक्कांचा मार्ग खुला झाला. त्यानंतर मराठी शाळा, वाचनालये आणि नियतकालिके यांची एकच लाट उसळली. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ पत्र १९१२ साली निघाले. सरकारी नोकरीची वाट अर्थातच पोर्तुगीज शाळेतून आणि १८५४ साली स्थापन झालेल्या पणजीच्या लिसेंवमधून जाई. म्हणून कित्येक मुले सकाळी एका शाळेत आणि दुपारी दुसऱ्या शाळेत बसत. पुढे सालाझारच्या राजवटीत, १९३० च्या वसाहतविषयक कायद्यानंतर, मोकळेपणाचे दिवस पुन्हा आखडले. तरी शाळा बंद पडल्या नाहीत.

या तुटपुंज्या शिक्षणातून काय निष्पन्न झाले, असे कोणी विचारील, तर सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण पुरेसे आहे. १८७६ साली जन्मलेल्या या मुलाचे शालेय शिक्षण फारच थोडे झाले. पण मराठी वाचता येत होते. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या हाती पडले आणि त्या वाचनाने त्यांना घराबाहेर काढले. पुण्याहून काशी, नेपाळ, सिंहल असा प्रवास करून ते पाली भाषेचे जगन्मान्य पंडित झाले, हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी काम केले, आणि ही सारी कहाणी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात मराठीतच लिहिली. दुसरीकडे, १८७७ साली डिचोलीत जन्मलेले शणै गोंयबाब यांनी कोंकणीला लेखनाची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि मुलांसाठीही कोंकणी पुस्तके रचली. एकाच मातीतून, एकाच पिढीत, दोन्ही भाषांना असे पुत्र लाभले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या सुमारास साक्षरांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. १९७१ साली ते सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. या वाढीचे मोठे श्रेय डिसेंबर १९६३ मध्ये अधिकारावर आलेले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात खेडोपाडी निघालेल्या प्राथमिक शाळांना आहे. ज्यांना अग्रशाळेची पायरी चढू दिली नव्हती, त्यांची मुले या शाळांत आली. पुष्कळ गावांत शाळेला पहिली जागा मिळाली ती पुन्हा देवळाच्या आवारातच. मात्र या वेळी दार सर्वांना उघडे होते. जुन्या अग्रशाळेने जे अर्धवट सोडले होते, ते अशा रीतीने पुरे होऊ लागले.

आज परिस्थिती निराळी आहे. पटसंख्येअभावी गावोगावच्या मराठी आणि कोंकणी प्राथमिक शाळा बंद होत आहेत, अथवा शेजारच्या शाळेत विलीन होत आहेत. २०११ पासून इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही सरकारी अनुदानाचे दार उघडले, आणि पालकांचा ओढा तिकडे आहे. पालकांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. आपल्या मुलाने मागे पडू नये, ही इच्छा पावकी घोकवून घेणाऱ्या बापाचीही होतीच.

परंतु देवस्थानांना काही करता येण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते. आज आमच्या देवळांच्या अग्रशाळा पूर्वीपेक्षा प्रशस्त आहेत आणि उत्सवांचे दिवस सोडले, तर त्यातल्या कित्येक खोल्या कुलूपबंद असतात. त्यांतील एक खोली गावच्या मुलांसाठी संध्याकाळी उघडी ठेवावी. तेथे मराठी आणि कोंकणी अशी दोन्ही पुस्तके असावीत. परवचा, गोष्ट, वाचन यांना तास-दीड तास द्यावा. जात, घराणे अथवा शाळेचे माध्यम न विचारता मुलाला आत घ्यावे. खर्च मुष्टिफंडाच्या मुठीएवढाच आहे. २०२५ साली गोव्यातील माध्यमिक वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले. जुन्या शाळेचे वर्ष चैत्रातच उगवत असे. तेव्हा येत्या संवसार पाडव्याला पंचांगवाचनानंतर सभामंडपात पाटीपूजन ठेवून या कामाचा आरंभ करणे कोणत्याही महाजनमंडळाला कठीण जाऊ नये. देवाला नारळ ठेवताना एक पाटीही ठेवावी, एवढीच आमची सर्व देवस्थान-समित्यांना विनंती आहे.