सिस्टीम्स इंजिनीअरिंग : सांध्यांचे शास्त्र

संगणक किंवा माहिती तंत्रज्ञान शाखेत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून प्रोग्रॅम लिहायला शिकवले जाते. प्रोग्रॅम चालला, अपेक्षित उत्तर आले की काम संपले, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात कोणतेही सॉफ्टवेअर एकटे काम करीत नाही. यंत्रे, दूरसंचाराचे जाळे, वापरणारी माणसे, नियम, वेळ आणि खर्चाची मर्यादा यांच्यासह ते चालत असते. या सर्वांचा एकत्रित विचार करून अपेक्षित परिणाम साधणारी व्यवस्था उभी करण्याचे शास्त्र म्हणजे सिस्टीम्स इंजिनीअरिंग अर्थात प्रणाली अभियांत्रिकी होय. त्याचे महत्त्व समजून घेण्यासाठी नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही.

सिंहस्थाचा धडा

२७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. घाट, रस्ते, बंदोबस्त, ध्वनिक्षेपक, वैद्यकीय पथके या गोष्टी प्रत्येक कुंभमेळ्यात असतातच. त्या एकमेकांशी कशा जोडल्या आहेत, हा खरा प्रश्न असतो. एखाद्या गल्लीतील गर्दी धोक्याच्या पातळीकडे चालली आहे, हे कोणाला आणि किती मिनिटांत कळणार? कळल्यावर मागून येणारा लोंढा थांबवण्याचा अधिकार कोणाचा? थांबवलेल्या माणसांना कोणत्या वाटेने वळवणार?

२०१५ च्या सिंहस्थापूर्वी अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमधील मूळचे नाशिकचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम सुरू झाला. त्यातून नाशिकच्या एका शाळकरी मुलाने सहकाऱ्यांसह ‘आशियोटो’ ही चटई तयार केली. चटईवर पडणाऱ्या पावलांच्या दाबावरून माणसे मोजण्याची ही युक्ती होती. कुंभमेळ्यात तिने अठरा तासांत पाच लाखांहून अधिक माणसांची नोंद केली.

मात्र चटई हा व्यवस्थेचा केवळ एक भाग आहे. आकडा अचूक असला, पण तो नियंत्रण कक्षात दहा मिनिटे उशिरा पोहोचला, तर त्याचा उपयोग नाही. वेळेवर पोहोचला, पण चौकातील पोलिसाला आदेश मिळाला नाही, तरीही उपयोग नाही. ‘गर्दी मोजणे’ हे चटईचे काम झाले. ‘चेंगराचेंगरी होऊ न देणे’ हे संपूर्ण व्यवस्थेचे उद्दिष्ट आहे. या दोहोंतील फरक ओळखणे ही या विषयाची पहिली पायरी होय.

गरजा परस्परविरोधीही असतात. २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीला कडक बंदोबस्तामुळे भाविकांना मोठी पायपीट करावी लागल्याची टीका झाली आणि पुढील पर्वण्यांसाठी निर्बंध सैल करण्यात आले. सुरक्षितता हवी आणि स्नानही घडले पाहिजे, या दोन्ही गरजांचा तोल आधी कागदावर साधावा लागतो.

अभ्यासात काय असते?

वापरणाऱ्यांच्या गरजा नोंदवणे, त्या मोजता येतील अशा शब्दांत मांडणे, कामाची विभागणी करणे, भागांमधील देवाणघेवाणीचे करार म्हणजे इंटरफेस ठरवणे, भाग जोडणे, चाचणी घेणे आणि वापर संपेपर्यंत देखभाल करणे, असे अभ्यासाचे टप्पे आहेत. चाचणीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : ठरल्याप्रमाणे बनले आहे का, आणि जे ठरवले तेच हवे होते का?

बहुतेक चुका सांध्यांत दडलेल्या असतात. १९९९ मध्ये ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी नष्ट झाले. सॉफ्टवेअरचा एक भाग इंग्लिश एककांत आकडे देत होता, तर ते घेणारी बाजू ते मेट्रिक एककांत आहेत असे धरून चालली होती. गणिते दोन्हीकडे झाली, मधला करार मात्र पाळला गेला नाही.

कोठे शिकता येईल?

या विषयाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे विरळाच आढळते. आयआयटी मुंबईत सिस्टीम्स अँड कंट्रोल इंजिनीअरिंगचे, तर आयआयटी खरगपूरमध्ये इंडस्ट्रियल अँड सिस्टीम्स इंजिनीअरिंगचे शिक्षण मिळते. दोन्हींचा रोख सॉफ्टवेअरपुरता मर्यादित नाही. नाशिकमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांत संगणक व माहिती तंत्रज्ञान शाखांचे शिक्षण घेता येते. नोकरी करणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा मार्ग आहे. सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग हा विषय अशा अभ्यासक्रमांत असतो. त्याला एनपीटीईएलवरील मोफत व्याख्याने आणि ‘नासा’ने मोफत उपलब्ध करून दिलेली सिस्टीम्स इंजिनीअरिंगची हस्तपुस्तिका यांची जोड देता येते. इन्कोसी या आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रमाणपत्रेही आहेत; त्यातील ‘असोसिएट’ पातळीसाठी अनुभवाची अट नाही.

नावाचा घोळ

अनेक आयटी कंपन्यांत नवख्या पदवीधराला ‘सिस्टीम्स इंजिनीअर’ हे पदनाम मिळते. काही ठिकाणी सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही तसेच म्हणतात. त्यामुळे जाहिरातीतील पदनामावर न जाता कामाचे स्वरूप वाचावे. गरजांचे विश्लेषण, रचना, जोडणी आणि पडताळणी यांचा उल्लेख असेल, तर ते काम या शास्त्राच्या जवळचे समजावे.

विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना तयार विषय विकत घेण्याऐवजी शहरातील एखादी व्यवस्था निवडावी. शहर बससेवा, बाजार समितीतील लिलाव किंवा रुग्णालयातील केस पेपरची रांग असे विषय पाहावेत. पहिला महिना संगणकाला हात न लावता तेथील माणसांशी बोलण्यात घालवावा. २०२६-२७ चा सिंहस्थ तर नाशिकच्या विद्यार्थ्यांना घराजवळच अभ्यासता येणारी व्यवस्था आहे. प्रोग्रॅममधील चूक पुन्हा दुरुस्त करता येते. अरुंद गल्लीतील व्यवस्थेची चूक दुरुस्त करायला दुसरी संधी मिळत नाही, हे २००३ ने शिकवले आहे.