पटणारे आणि खरे

दिवाळीच्या अंकात छळाविषयी लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. मांडीवर फराळाचे ताट आणि हातात अंक अशा वेळी वाचकाला दोरखंड आणि कोरडे दाखवणे बरे नव्हे. पण संपादकांनी ‘यंदा आपल्या लेखनाच्या धंद्यातल्या एखाद्या प्रश्नावर लिहा’ असे कळवले, आणि माझ्या मनात गेले आठ महिने एकच प्रश्न घर करून बसला आहे. तेव्हा अंगावर येतील असे तपशील शक्य तितके टाळीन, एवढे आश्वासन देऊन सुरुवात करतो.

माझ्या मागच्या कादंबरीत एक प्रकरण आहे. गावच्या देवीचे दागिने चोरीला जातात. फौजदार एका संशयिताला रात्री चौकीत घेतो. कंबरेचा पट्टा निघतो. पहाटेपर्यंत गडी सगळे ओकतो आणि उजाडता उजाडता नाल्याकाठच्या बाभळीखाली दागिन्यांचा डबा सापडतो. हे प्रकरण पुष्कळांना आवडले. ‘फौजदार अगदी डोळ्यांपुढे उभा राहिला’ असे लोक म्हणाले आणि मीही सुखावलो. मग एका निवृत्त हवालदारांचे पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच होता :

‘गुरुजी, आपल्या फौजदाराचे बरे आहे. ज्याला तो मारतो तोच चोर आहे, हे आपण आधीच ठरवून ठेवले होते. आम्हाला चौकीत ते कोणी सांगून ठेवत नसे.’

कार्ड वाचून मी गप्प झालो. टीकाकारांनी माझ्या भाषेवर, रचनेवर लिहिले होते. पण वर्मावर बोट या हवालदारांनीच ठेवले. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, कायद्याशी माझा संबंध नाही. तरीही या बोचणीपायी मी मिळेल ते वाचत सुटलो. त्यात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मारून बोलते करण्याची व्याख्या फार जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये उल्पियन नावाचा मोठा कायदेपंडित होऊन गेला. रोमन कायद्यात अशा चौकशीला ‘क्वेस्तिओ’, म्हणजे सरळ अर्थाने ‘प्रश्न’, म्हणत. उल्पियनने तिचा अर्थ सांगितला तो असा की, सत्य बाहेर काढण्यासाठी देहाला दिलेल्या यातना म्हणजे क्वेस्तिओ. या व्याख्येतला ‘सत्य’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. उल्पियन भोळा नव्हता. ही गोष्ट नाजूक आहे, धोक्याची आहे आणि सत्याला चकवणारी आहे, असेही त्याने लिहून ठेवले. काही माणसे काही केल्या बोलत नाहीत, आणि काही यातना सोसण्यापेक्षा वाटेल ते खोटे बोलतात, असे त्याचे म्हणणे. पुढच्या लोकांनी व्याख्या उचलली आणि इशारा बाजूला ठेवला. मध्ययुगानंतरच्या युरोपात कित्येक शतके यातना हा न्यायालयीन कामकाजाचा कायदेशीर भाग होता. त्याला नियम होते : आधी पुरेसा संशय हवा, यातनांखाली दिलेली कबुली नंतर यातनांशिवाय पुन्हा वदवून घेतली पाहिजे. कागदावर सारे कसे रीतसर!

त्या रीतसर कारभाराची एक हकीकत सांगतो. साल १६३०, शहर इटलीतले मिलान. स्पेनचा अंमल होता आणि प्लेगने माणसे पटापट मरत होती. कोणी दुष्ट लोक भिंतींना विषारी मलम फासून रोग पसरवतात, अशी आवई उठली होती. २१ जूनच्या पहाटे एका बाईने खिडकीतून पाहिले, की काळा झगा घातलेला एक माणूस भिंतीला चिकटून चालला आहे, त्याच्या हातात कागद आहे आणि तो मधूनच भिंतीला हात पुसतो आहे. पाऊस पडत होता. पावसात माणूस भिंतीच्या आडोशानेच चालणार. लिहिणाऱ्याच्या बोटांना शाई लागते आणि ती तो कुठे तरी पुसतो. पण घाबरलेल्या शहराला इतके साधे कारण पुरत नाही. तो माणूस म्हणजे गुल्येल्मो पियात्सा, आरोग्य खात्याचा एक लहानसा अंमलदार. दुसऱ्याच दिवशी त्याला धरले.

चौकशीत त्याला विचारले, भिंतींना काही फासल्याचे तुला ठाऊक होते काय? तो म्हणाला, नाही. न्यायाधीश म्हणाले, हे न पटणारे आहे. या इलाख्याच्या कारभाऱ्यांची नावे काय? तो म्हणाला, ठाऊक नाहीत. हेही न पटणारे. मूळ कागदांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो : न पटणारे. एवढ्याच कारणावरून त्याला दोरीला चढवले. दोनदा तो टिकला, काही बोलला नाही. मग त्याला सांगण्यात आले, की सगळे ‘खरे’ सांगितलेस तर शिक्षा माफ.

आता त्या बिचाऱ्याला एक गोष्ट रचणे भाग होते आणि ती पटणारी हवी होती. मलम म्हणजे मलम करणारा कोणी तरी हवा. शहरात जानजाकोमो मोरा नावाचा एक न्हावी होता. तो प्लेगवर गुणकारी म्हणून एक मलम विकत असे आणि पियात्साची त्याच्याशी ओळख होती. पियात्साने त्याचे नाव घेतले. मोराला धरायला शिपाई आले, तेव्हा परवान्यावाचून औषध केले म्हणूनच हे आले असावेत, असे त्याला वाटले! त्याच्या घरात राखेच्या पाण्याची, म्हणजे कपडे धुण्याच्या खाराची, एक कढई सापडली. तेच विष ठरले. दोरीला चढवल्यावर मोरा म्हणू लागला, की मी काय सांगावे असे तुम्हाला वाटते ते सांगा, मी तेच सांगतो. त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने ते नाकारले, यातनांमुळे बोललो असे स्पष्ट म्हटले. पुन्हा दोरीची धमकी मिळताच पुन्हा कबूल केले. नियम पाळला गेला!

आणखी नावे निघत गेली. ऑगस्टच्या आरंभी त्या दोघांना हालहाल करून मारले. ते वर्णन इथे करीत नाही. न्हाव्याचे घर पाडून त्या जागी त्याच्या कलंकाचा स्तंभ उभारला. या प्रकरणात गोवला गेलेला एक माणूस मात्र सुटला. तो होता किल्ल्याच्या सेनापतीचा मुलगा. त्याच्यापाशी पैसा होता, वकील होते, आणि सांगितलेल्या दिवशी तो शहरातच नव्हता हे साक्षीदारांनी सिद्ध केले. ज्याला स्वतःची बाजू मांडायला मिळाली त्याच्यापाशी येऊन ती सगळी पटणारी गोष्ट कोसळली. तरी स्तंभ १७७८ सालापर्यंत उभाच होता.

पुढे त्याच मिलानमध्ये या पद्धतीवर घाव पडला. बेक्कारियाने १७६४ साली गुन्हे आणि शिक्षा यांवरचा आपला छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि यातनांनी सत्य कळते हा समजच खोडून काढला : अशा परीक्षेत धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराधी अडकतो. त्याचा मित्र पिएत्रो व्हेर्री याने मिलानच्या या खटल्यावरच पुस्तक लिहिले. पण त्याचे वडील तिथल्या सर्वोच्च न्यायमंडळात बडे अधिकारी होते आणि ते मंडळ जुन्या रीतीचे पाठीराखे होते. पुस्तक छापले गेले ते व्हेर्रीच्या मृत्यूनंतर, १८०४ साली.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. बेक्कारियाच्या मुलीचा मुलगा म्हणजे इटलीचा थोर कादंबरीकार मान्झोनी. त्याची प्रसिद्ध कादंबरी याच मिलानची, याच प्लेगच्या काळातली. न्हाव्याचा हा खटला त्याने पहिल्या खर्ड्यात घेतला होता. नंतर तो काढून टाकला आणि १८४०–४२ च्या आवृत्तीला स्वतंत्र इतिहास म्हणून शेवटी जोडला. आजोबांच्या पिढीने दोष पद्धतीला दिला होता. नातू एक पाऊल पुढे गेला. त्याचे म्हणणे असे, की त्या काळच्या नियमांनीसुद्धा हे न्यायाधीश दोषी आहेत. इतक्या क्षुल्लक ‘न पटण्या’वरून यातना देण्याची मुभा त्यांना नव्हती, आणि मन ताळ्यावर ठेवले असते तर त्यांना निर्दोषपणा दिसला असता. त्यांना सत्य नको होते, गुन्हेगार हवा होता.

असे हे जबरदस्त प्रकरण कादंबरीकाराने कादंबरीतून का काढावे? विषय फार लांबतो, हे कारण उघड आहे. मला आणखी एक दिसते. ‘हे पटत नाही, नीट रचून आण’ असे म्हणण्याचा अधिकार वाचकाचा असतो, संपादकाचा असतो. मिलानच्या न्यायाधीशांनी तो हाती दोरी घेऊन वापरला. त्यांनी त्या दोघांकडून कादंबरीच लिहून घेतली होती. तिच्यावर आणखी कादंबरी रचू नये असे मान्झोनीला वाटले असेल, तर मला नवल वाटत नाही.

हे मला इतके का लागले, ते सांगतो. मी सातवीत असताना वर्गाच्या सहलीचे जमवलेले पैसे नाहीसे झाले. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गात एकटा बसलो होतो. गुरुजींनी विचारले, ‘का बसला होतास?’ मी म्हणालो, ‘उगीच.’ खरे तर माझी चड्डी फाटली होती आणि ते सांगायची लाज वाटत होती. ‘उगीच’ हे उत्तर पटण्यासारखे नव्हते. छडी सुरू झाली. पंधराव्या की सोळाव्या छडीला मी म्हणालो, ‘घेतले.’ ‘कुठे आहेत?’ ‘देवळामागे पुरले.’ ‘बरोबर कोण होते?’ इथे मी एका मित्राचे नाव घेतले. दुसऱ्या कोणाचे का नाही? तो गरीब होता, गावाच्या कडेला राहत होता, आणि एकदा पेरू चोरताना सापडला होता. त्याचे नाव सगळ्यांना पटणार हे मला बाराव्या वर्षी नेमके कळले. देवळामागे काही सापडले नाही, तेव्हा ‘त्यानेच रातोरात उकरून नेले’ असेही ठरले. दहा दिवसांनी पैसे कपाटातल्या जुन्या हजेरीपटात मिळाले. तोवर मित्राने शाळा सोडली होती. लोक विचारतात, पहिली गोष्ट केव्हा लिहिलीत? मी मासिकाचे नाव सांगतो. खरे उत्तर हे आहे.

छडीला आणि मिलानच्या दोरीला मी एका मापाने मोजत नाही. व्याख्येत तीव्रतेला महत्त्व आहे, आणि ते योग्यच आहे. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९८४ रोजी छळाविरुद्धचा करार मंजूर केला. त्यातली व्याख्या थोडक्यात अशी : माहिती किंवा कबुली मिळवणे, शिक्षा करणे, धाक घालणे अशा हेतूने किंवा भेदभावापोटी, सरकारी अधिकाऱ्याने किंवा त्याच्या संमतीने, जाणूनबुजून दिलेल्या शरीराच्या अथवा मनाच्या तीव्र वेदना. कायदेशीर शिक्षेतून ओघाने येणारे दुःख तिच्यात धरलेले नाही. उल्पियनच्या व्याख्येशेजारी ही ठेवून पाहावी. ‘सत्य’ हा शब्द गेला. त्या जागी ‘माहिती किंवा कबुली’ आली. आणखी एक गोष्ट पाहावी : समोरचा चोर होता की साव, हा प्रश्न व्याख्येत कुठेच नाही. युद्ध, आणीबाणी, कसलीही सबब चालणार नाही, असे करार पुढे बजावतो.

आपल्या कायद्याला हे अगदीच अपरिचित नव्हते. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी रयतेचे हाल होत, त्याची सरकारी चौकशी १८५५ साली प्रसिद्ध झाली. १८६० च्या दंडसंहितेच्या ३३० व्या कलमात कबुलीसाठी हाल करणारा पोलीस, थकबाकीसाठी हाल करणारा महसूल अंमलदार आणि खंडासाठी रयतेचे हाल करणारा जमीनदार, तिघेही उदाहरणादाखल दोषी म्हणून उभे होते. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसापुढची कबुली पुराव्यातून वगळली. मात्र तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य धरला. २०२४ मध्ये नवे कायदे आले, त्यांतही ही व्यवस्था राहिली. माझ्या बाभळीखालचा डबा या फटीत कसा चपखल बसतो पाहा! भारताने १९९७ साली करारावर सही केली; २०१० मध्ये लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयकही संमत केले, पण ते कायद्यात उतरले नाही.

ललित लेखन मात्र अजून उल्पियनच्याच व्याख्येवर जगते आहे. अल्जीरियाच्या युद्धात पत्रकार आंरी आलेग याचे फ्रेंच सैनिकांनी हाल केले. त्याने ती आपबीती १९५८ मध्ये छापली आणि सरकारने ती जप्त केली. पुस्तकाचे नाव होते ‘प्रश्न’. दोन वर्षांनी लार्तेगी या लेखकाची कादंबरी आली. तिच्यात कैद्याला बोलते केल्यावर बॉम्बचे ठिकाण वेळेवर कळते. लोकांच्या मनात ही दुसरी गोष्ट घट्ट बसली. अमेरिकेतल्या ‘२४’ नावाच्या मालिकेचा नायक दर आठवड्याला असेच करी. अखेर २००६ मध्ये तिथल्या लष्करी विद्यालयाचे एक सेनानी निर्मात्यांना भेटून सांगून आले, की आमची मुले हे खरे मानू लागली आहेत. खलनायक करतो तेव्हा आपण त्याला छळ म्हणतो. नायक करतो तेव्हा चौकशी. असे म्हणता येते, कारण लेखकाने डबा आधीच पुरून ठेवलेला असतो.

कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी ते प्रकरण मी पुन्हा लिहिले आहे. फौजदार मारतो, माणूस बोलतो, बाभळीखाली खणतात; तिथे काही नसते. तो शेजाऱ्याचे नाव घेतो आणि शिपाई शेजाऱ्याच्या दारात जातात. प्रकाशकांनी वाचून कळवले, की गुरुजी, हे वाचकांना पटणार नाही.

मी त्यांना हवालदारांचे कार्ड पाठवून दिले आहे. उत्तर अजून यायचे आहे.