खाऊन पळायचं की न खाता?

१९ एप्रिल १९६७. बॉस्टनजवळ बोचरी थंडी आणि गारठवणारा पाऊस. कॅथरीन स्वित्झर नावाची वीस वर्षांची मुलगी सकाळी नऊच्या सुमारास भरपेट नाश्ता करतेय. अंडी, बेकन, पॅनकेक, ज्यूस, दूध, कॉफी आणि वर जास्तीचे टोस्ट. तिचे कोच आर्नी ब्रिग्ज यांचा आग्रह, की एवढ्या थंडीत इंधन लागणार, सगळं खा. बाराला मॅरेथॉन सुरू झाली आणि पहिल्या काही मैलांतच जॉक सेंपल हे आयोजक तिच्या छातीवरचा २६१ नंबर ओढून काढायला धावले. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. नाश्त्याचा फोटो अर्थातच कोणी काढला नाही :)

मला मात्र त्या नाश्त्यातच जास्त रस आहे. कारण आज पुण्यात पहाटे साडेपाचला पळायला निघणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मुली फक्त ब्लॅक कॉफीवर असतात. का? तर म्हणे रिकाम्या पोटी चरबी जास्त जळते. हे आलं कुठून ते शोधायला बसले आणि अख्खा शनिवार गेला.

यात तथ्य अजिबात नाही असं नाही. कोपनहेगनला ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९२० मध्ये माणसांना वेगवेगळा आहार देऊन सायकल चालवायला लावली आणि श्वासातल्या वायूंवरून शरीर चरबी जाळतंय की पिष्टमय पदार्थ हे मोजलं. पोटात पिष्टमय कमी असलं की चरबीचा वाटा वाढतो, हे खरंच. पण तेवढ्याच कामाला ऊर्जा जास्त लागते आणि माणूस लवकर थकतो, हेही त्याच प्रयोगात दिसलं. पुढे १९२४ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन संपवलेल्या काही धावपटूंचं रक्त तपासलं, तर काहींची साखर पार तळाला गेलेली. पुढच्या वर्षी त्यांना आदल्या दिवशी नीट जेवू घातलं आणि वाटेत गोळ्या-चॉकलेटं दिली, तर त्रास कमी. म्हणजे 'खाऊन पळा' हा सल्ला शंभर वर्षं जुना आहे.

पण हे सगळे धावपटू पुरुष! बायकांना या शर्यतीत अधिकृत प्रवेशच १९७२ साली मिळाला. त्याआधी १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरनंतर बायका कोसळल्या अशा तिखटमीठ लावलेल्या बातम्या छापून आल्या आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद. पळूच दिलं नाही, तर मोजणार कोणाला?

मोजायला लागले तेव्हा जे दिसलं ते भीतीदायक होतं. १९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी पाळी बंद झालेल्या १४ आणि पाळी नियमित असलेल्या १४ खेळाडूंची हाडं तपासली. पहिल्या गटाचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास, आणि मणक्याची घनता? एक्कावन्न वर्षांच्या बाईइतकी! तोवर समज असा, की जास्त व्यायामाने पाळी जाते, ते चालायचंच. अजूनही काही मुली हे 'फिटनेसचं लक्षण' म्हणून सांगतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

दोष व्यायामाचा नव्हता. अ‍ॅन लाउक्स यांनी १९९८ मध्ये हे दोन्ही धागे वेगळे केले (आमच्या भाषेत, एका वेळी एकच व्हेरिएबल बदललं). व्यायाम कितीही करा, पण त्याच्या बदल्यात पुरेसं खाल्लं तर पाळीचं नियंत्रण करणाऱ्या एलएच हार्मोनचे ठोके जागच्या जागी राहतात. उलट काहीही व्यायाम न करता नुसतं कमी खाल्लं तरी ते बिघडतात. २००३ मध्ये त्यांनी उंबरठाही दाखवला. व्यायामात गेलेली ऊर्जा वजा करून, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींच्या खाली गेलं, की पाचच दिवसांत बिघाड.

गणित करून बघा. ५५ किलोची मुलगी, २५ टक्के चरबी, म्हणजे उरले साधारण ४१ किलो. ४१ गुणिले ३० म्हणजे १२३०. दहा किलोमीटर पळण्याचे साधारण ५५० मिळवा. झाले जवळपास १८००, आणि हा तळ आहे, लक्ष्य नव्हे. डाएटवाल्या डब्यात एवढं बसतं का?

राहिली चरबी. पहाटे रिकाम्या पोटी व्यायामाचं खूळ बिल फिलिप्सच्या १९९९ च्या 'बॉडी फॉर लाइफ' या पुस्तकाने घरोघरी नेलं. २०१४ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड यांनी २० तरुणींवर ते तपासलं. सगळ्याजणी कमी कॅलरींच्या आहारावर, आठवड्यातून तीनदा तासभर ट्रेडमिल. निम्म्या खाऊन, निम्म्या नंतर खाऊन. चार आठवड्यांनी वजन दोन्ही गटांत घटलं, पण गटांमध्ये फरक शून्य. प्रयोग छोटा आणि थोड्या दिवसांचा आहे हे मान्य, पण ज्या फायद्यासाठी उपाशी पळायचं तो फायदा दिसला नाही तो नाहीच.

बरं, दिवसभराचा हिशेब जुळला म्हणजे झालं का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अव्वल धावपटू वगैरे खेळाडूंचा तासातासाचा हिशेब मांडला. दिवसाची बेरीज दोन्ही गटांची सारखीच, पण पाळी बिघडलेल्या मुली दिवसातले जास्त तास मोठ्या तुटीत होत्या, आणि तुटीतले तास जितके जास्त तितकं कॉर्टिसॉलही जास्त. यावरून कारण सिद्ध होत नाही, पण आपलं वेळापत्रक बघा. रात्री नऊला जेवण, पहाटे पळणं, मग अंघोळ, कंपनीची बस, आणि पोहे पोटात जाणार दहाच्या मीटिंगनंतर. तेरा तास!

म्हणून ग्रुपमध्ये कोणी विचारलं की मी सांगते, निघण्याआधी अर्धा तास एखादं केळं किंवा दोन खजूर, आल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता. पळणं रमतगमत अर्ध्या तासाचं असेल तर आधी नाही खाल्लं तरी चालेल, पण नंतरचं टाळू नका. आणि तीन महिने पाळी आली नसेल तर केळं खात बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.