‘वाईट’ आणि ‘दुष्ट’ : एका लॅटिन शब्दाचा वारसा

ख्रिस्ती नीतिविचारात ‘वाईट’ आणि ‘दुष्ट’ यांतील सीमारेषा सहजासहजी आखली गेली नाही. याचे एक कारण भाषिक आहे. लॅटिनमधील ‘मालुम’ या एकाच शब्दात आंधळेपण, दुष्काळ आणि खून या तिन्हींचा समावेश होतो. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) अशुभाला स्वतंत्र सत्ता नाकारून त्यास शुभाचा अभाव मानले. शिवाय मनुष्य जे अशुभ भोगतो आणि जे करतो, त्यांत भेद केला. ‘कन्फेशन्स’मध्ये तो आपल्या सोळाव्या वर्षी केलेल्या नासपतींच्या चोरीची चिकित्सा करतो. भूक नव्हती, फळे डुकरांपुढे टाकली गेली, ओढ निषिद्ध कृत्याचीच होती. म्हणजे दुष्टता वस्तूत नसून शुभापासून ढळलेल्या इच्छेत असते. या दोन अर्थांसाठी जर्मनमध्ये दोन स्वतंत्र शब्द आहेत, हे कांटने १७८८ मध्ये आवर्जून नोंदवले. मराठीतही ते आहेत.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे? येशू तो दोष त्याच्याकडेही देत नाही, त्याच्या आईबापांकडेही नाही. जेथे हे दोन अर्थ एक होतात, तेथे पीडितच अपराधी ठरतो.